आरशाला ताप

ज्या गावात मे महिन्यात
टाकीतलं पाणी दुपारी हात भाजतं,
पाऱ्याचा आकडा पेपरात पहिल्या पानावर असतो,
त्या नागपुरात तुम्ही आरसा तापवायला निघालात,
म्हणून मी हसले.
फुलझेले इलेक्ट्रिशियनही हसला:
"काहून जी काकाजी, ऊन कमी पडून राह्यलं काय?"

तुम्ही नाही हसलात.
बर्डीच्या चार दुकानांत विचारून आला होतात.
एकानं कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायची चटई दाखवली,
एकानं कंबर शेकायची पिशवी.
शेवटी पार्सलनं आला तो पापुद्रा,
वहीच्या पानाएवढा, आत तारेची नागमोडी रांगोळी.
बारा व्होल्ट, वीस वॅट.
ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या बाहेर,
आणि वायर गिझरच्याच बटनावर,
म्हणजे पाणी तापेल तेव्हाच काच तापेल.
तीस वर्षं कोराडीला बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस
एवढ्याशा उष्णतेचाही हिशेब
विजेच्या बिलामागे मांडतो,
डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात.

उजवा हात दिवाळीपासून तुमचं ऐकत नाही.

जानेवारीत मानेवाड्यात आठ अंश,
बादलीतून वाफ, आणि दोन मिनिटांत आरसा पांढराफटक.
एका हातात वस्तरा,
पुसायला दुसरा हात नाही.
मग आतून हाक, "पुसून दे ना वं जरा."
मी कणकेच्या हातांनी यायची,
मनगटानं पुसायची,
क्षणभर दोघांची तोंडं त्या ओल्या पट्ट्यात,
फेसानं अर्धं तुमचं, तुमच्या खांद्याशी माझं,
की परत धुकं.
एका दाढीला सहा वेळा.
मला वाटायचं, कटकट माझी आहे.

फुलझेलेनं आरसा भिंतीवरून उतरवला, पालथा घातला.
"नीट बघून सांगा," म्हणाला,
"एकदा चिकटलं का निघत नाही,
ओढलं तर पारा सोबत येते."
तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
तुम्ही पेन्सिलनं खूण केलीत,
तुमच्या हनुवटीपासून तुमच्या कपाळापर्यंत.

दुसऱ्या दिवशी चार मिनिटं लागली.
सगळा आरसा धुरकटला
आणि मधोमध एक चौकोन तेवढा राहिला,
कुणीतरी दार किलकिलं ठेवावं तसा.
हाक आली नाही.
कणीक मळून झाली, गोळे झाले,
तवा तापून करपट वास आला,
तरी हाक आली नाही.
तुम्ही बाहेर आलात,
गालावर एक बारीक चीर,
आणि परीक्षेत पास झालेल्या पोट्ट्यासारखं तोंड.

मग मी आत गेले.
चौकोनात माझा फक्त भांग दिसला.
टाचा उचलल्या तर डोळे.
बाकीची मी खाली, धुक्यात.
तिथे मी बोटानं फुलझेलेची बाकी लिहिली,
साडेतीनशे,
म्हणजे विसरायला नको.

रात्री तुम्ही म्हणालात,
"तुह्या उंचीचं ध्यानातच नाही आलं वं.
आणखी एक मागवू काय?"
मी म्हटलं, मला काय दाढी करायची आहे?
तुम्ही हसलात.
त्या दिवसात पहिल्यांदा,
तोंडाच्या दोन्ही बाजूंनी.

आता मे.
गिझर होळीपासून बंद,
नळालाच कढत पाणी,
पापुद्रा पाऱ्यामागे थंड पडून आहे
आणि आरसा आपला आपण लख्ख, कडेपासून कडेपर्यंत.
तरी आज सकाळी आतून हाक आली:
"बघ ना वं जरा,
कानामागं राह्यलं काय?"

कानामागचं कुठल्याच आरशात दिसत नाही.

काही राहिलेलं नव्हतं.
मी टॉवेलचं टोक ओलं केलं,
आणि सावकाश पुसलं.